दृश्य वेबपान संपादक

दृश्य वेबपान संपादक म्हणजे एचटीएमएलचे टॅग हाताने न लिहिता वेबपान तयार करता येणारी संगणक प्रणाली. वापरकर्ता मजकूर, चित्रे व तक्ते पडद्यावर मांडतो; त्यामागील एचटीएमएल प्रणाली स्वतः लिहिते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये तयार केलेला पहिला ब्राउझर संपादकही होता. पुढे नेटस्केप कंपोझर, फ्रंटपेज व ड्रीमवीव्हर नवशिक्यांपर्यंत पोहोचले.

मराठी पाने

‘दिसते तेच मिळते’ ही या संपादकांची ख्याती मराठीपुरती बराच काळ फसवी ठरली. युनिकोड रुळण्यापूर्वी ‘शिवाजी’, ‘सुरेख’ यांसारखे टंक वापरले जात. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. त्यामुळे तयार करणाऱ्याच्या संगणकावर निर्दोष दिसणारे पान तो टंक नसलेल्या वाचकाला निरर्थक रोमन चिन्हांचे दिसे, आणि ‘नागपूर’ असा शोध घेतल्यास सापडतही नसे. युनिकोडमध्ये हाच शब्द न, काना, ग, प, दीर्घ ऊकार आणि र अशा सहा संकेतांनी साठवला जातो; टंक बदलला तरी तो ‘नागपूर’च राहतो. जुन्या पानाचा केवळ टंक बदलून भागत नाही, मजकूर परिवर्तकातून काढावा लागतो किंवा पुन्हा टंकावा लागतो.

नव्या पानासाठी यूटीएफ-८ संकेतन निवडावे. पानाची भाषा मराठी नोंदवल्यास, सोय असलेल्या टंकांत ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे उमटतात. ही नोंद बहुधा विसरली जाते. चित्राचा पत्ता स्वतःच्या संगणकावरील फोल्डरचा राहिल्यास इतरांना चित्र दिसत नाही.