ताणते की झिजते?

सायकलच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं. कारागीर चेन दोन बोटांत धरतो, जरा वर उचलून बघतो आणि म्हणतो, "काका, चेन ताणलीय." आपण मान डोलावतो आणि किती पैसे होतील ते विचारतो.

मराठी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला हे क्रियापद खटकतं. रबर ताणतं, दोरी ताणते. पण पोलादाच्या पट्ट्या तुमच्या-माझ्या पायांच्या जोराने ताणल्या जातील का? नाही जात. जुन्या चेनची एकेक पट्टी सुटी करून मोजली तर ती जवळजवळ नवी होती तेवढीच भरते. चेन ताणत नाही, ती झिजते.

इथे कुणीही हुशार विद्यार्थी हात वर करील. खडू झिजला की लहान होतो, चपलेची टाच झिजली की पातळ होते, सहाणेवरचं चंदनाचं खोड झिजून तोकडं होतं. मग चेन झिजली की लांब कशी काय होते? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर दीडशे वर्षं मागे जायला लागतं.

त्या काळच्या सायकलला चेनच नव्हती. पुढे माणसाच्या छातीला लागेल एवढं मोठं चाक, मागे छोटंसं चाक, आणि पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. जास्त वेग हवा तर चाक मोठं करायचं, आणि चाक किती मोठं करायचं ते स्वाराच्या तंगड्यांच्या लांबीवर ठरायचं! ५४ इंची चाक एका फेऱ्यात साधारण १४ फूट पुढे जाई. वाटेत दगड आला तर स्वार तेवढ्या उंचीवरून डोक्यावर आपटे.

चेनने ही अडचण सोडवली. पुढे मोठी दातेरी चक्री, मागे लहान. माझ्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ दाते आहेत आणि मागे १८. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात २८ इंची चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, आणि जमिनीपासून उंच न बसताही ६८ इंची चाकाचं काम होतं. १८७९ साली इंग्लंडमध्ये हेन्री लॉसनने मागच्या चाकाला चेन लावलेली सायकल केली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' आली आणि आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा आकार कायम झाला. पुस्तकांतून स्टार्लीचं नाव सापडतं. ज्याच्या जोरावर ती सायकल टिकली, तो माणूस मात्र मागेच राहिला. त्याचं नाव हान्स रेनॉल्ड.

रेनॉल्ड मूळचा स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावचा, जन्म १८५२चा. नशीब काढायला तो मँचेस्टरला आला. आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांत जाई, तोच हा मुलूख. १८७९ मध्ये त्याने शेजारच्या सॅलफर्डमधला जेम्स स्लेटर यांचा एक छोटा कारखाना विकत घेतला. तिथे गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनत. त्या चेनमध्ये एक खोट होती. कडीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या पिनवर फिरत, पण पिनेला टेकायला जागा केवढी, तर पट्टीच्या जाडीएवढी. सगळा भार त्या एवढ्याशा कडेवर यायचा. सुरीच्या पात्यावर उभं राहण्यासारखंच की ते. साहजिकच पिनेला लवकर खाच पडे आणि चेन बाद होई.

पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, रेनॉल्डने पेटंट घेतलं. त्याने काय केलं, तर आतल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक छोटी पोकळ नळी घट्ट बसवली. आपले कारागीर तिला बुश म्हणतात. पिन या बुशमधून जाते आणि बुशच्या बाहेरून एक सुटा रोलर फिरतो. आता भार पट्टीच्या कडेवर न येता बुशच्या पूर्ण लांबीवर पसरला. दात्याशी घासायचं काम रोलरने स्वतःकडे घेतलं. मला यात सगळ्यांत आवडतं ते हे, की रेनॉल्डने झीज थांबवली नाही. ती थांबवता येत नाही हे त्याला ठाऊक असणार. त्याने ती वाटून दिली.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर. शाळेच्या मैदानावर मुलांची हात धरलेली रांग डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांनी घट्ट मनगटं धरली आहेत. हळूहळू पकड सैल होते आणि मनगटाऐवजी नुसती बोटं हातात उरतात. रांग लांबली, पण एकाही मुलाचा हात लांबला नाही. चेनचं तसंच आहे. पिन झिजून किंचित बारीक होते, बुशचं भोक किंचित मोठं होतं. ओढ बसली की प्रत्येक सांध्यात तेवढी फट पडते. सांधे असतात शंभराच्या वर, आणि सगळ्या फटी मिळून चेन लांबते. गिअरच्या सायकलींच्या आजच्या बारीक चेनमध्ये वेगळी बुश नसते, आतल्या पट्टीलाच उठाव काढलेला असतो. पण झिजण्याची रीत तीच.

किती झिजावं लागतं बिचाऱ्या सांध्याला? गणिताची हौस आहे म्हणून हिशेब मांडला. एका किलोमीटरमध्ये माझं चाक साधारण ४५४ वेळा फिरतं, पेडल १८६ वेळा. एका फेऱ्यात ४४ कड्या पुढे सरकतात. ११२ कड्यांची चेन म्हणजे किलोमीटरमागे ती ७३ वेळा पूर्ण फिरते. दर फेऱ्यात प्रत्येक सांधा चार वेळा मुडपतो : पुढच्या चक्रीवर चढताना, उतरताना, मागच्या चक्रीवर चढताना, उतरताना. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ २९०. रोज १० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका वर्षात पावणेनऊ लाख वेळा! धुळीत, चिखलात, कित्येकदा तेलाचा थेंब नसताना.

एवढं सोसून ती तुटत नाही, आणि पंचाईत नेमकी तिथेच आहे. ट्यूब पंक्चर झाली की लगेच कळतं, ब्रेक लागेनासा झाला की कळतं. चेनची झीज सगळ्या सांध्यांत इतकी सारखी वाटलेली असते की कुठेच दिसत नाही. चेन बदलायची वेळ येते तेव्हा एकेका सांध्याची वाढ मिलिमीटरचा पंधरावा-सोळावा भाग, म्हणजे एखाद्या केसाच्या जाडीएवढी असते. एक सांधा बघून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. चोवीस एकदम मोजले की कळतं.

मोजणं सोपं झालं आहे ते इतिहासाच्या एका योगायोगामुळे. सुरुवातीच्या सायकलींना एक इंची कड्यांच्या चेन असत. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्धा इंच हे माप रूढ झालं आणि कायमचं बसलं. १९०३ मध्ये राइट बंधूंचं विमान उडालं, त्याचे पंखे इंजिनाला चेननेच जोडलेले होते. सायकल दुकानदारच ते, दुसरं काय सुचणार! ती चेन इंडियानापोलिसच्या डायमंड कंपनीची होती. १९६० मध्ये याच कंपनीच्या सहकार्याने मद्रासला टीआय डायमंड चेन सुरू झाली. आपल्याकडे १९५७ मध्ये नये पैसे आले, पाठोपाठ मीटर-किलो आले, शेर-मण पाठ्यपुस्तकातून गेले. चेनचा अर्धा इंच मात्र हलला नाही. जपानच्या शिमानोने १९७०च्या दशकात शर्यतीच्या सायकलींसाठी १० मिलिमीटरची चेन काढून पाहिली, ती चालली नाही. म्हणून आजोबांच्या सायकलची चेन असो की नातीच्या गिअरवाल्या सायकलची, कडी अर्ध्या इंचाचीच, म्हणजे १२.७ मिलिमीटरची.

तेव्हा बारा इंचांत चोवीस कड्या. नव्या चेनवर पट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध ठेवला तर चोविसावी कडी संपते तिथली पिन बरोबर बाराच्या रेघेवर येते. जुन्या चेनवर ती रेघेच्या पुढे जाते. किती पुढे, तीच झीज.

पट्टी पोलादी घ्यावी. शिंप्याची कापडी टेप नको, ती मात्र खरोखरच ताणलेली असते! चेन फडक्याने पुसावी, पेडलवर थोडा दाब देऊन वरची बाजू ताठ करावी आणि सायकल हलू देऊ नये. मोजून घ्यावं. पिन १/१६ इंचापेक्षा कमी पुढे असेल तर निश्चिंत असा. १/१६ इंच म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, साधारण अर्धा टक्का. गिअरच्या सायकलला इथेच चेन बदलावी. बिनगिअरची जाड चेन १/८ इंचापर्यंत, म्हणजे एक टक्क्यापर्यंत चालते. पट्टी ३० सेंटिमीटरची असेल तर वीस कड्या मोजाव्यात, त्या २५४ मिलिमीटर भरायला हव्यात. सव्वा मिलिमीटर जास्त म्हणजे अर्धा टक्का. यासाठी बाजारात गेजही मिळतात, पण त्यांतले बरेचसे रोलरचा सैलपणाही झिजेत धरतात. पट्टी तसं करत नाही.

"चालतंय तोवर चालू द्या" हे आपलं आवडतं तत्त्वज्ञान इथे महाग पडतं. लांबलेली चेन दात्यांवर नीट बसत नाही. मोजक्याच दात्यांवर भार येतो आणि ते आकड्यासारखे वाकडे झिजतात. मग नवी चेन घातली तरी ती त्या दात्यांवरून घसरते, आणि दोन्ही चक्र्या बदलाव्या लागतात. पैशांचं एक वेळ सोडा. चढावर पोर उभं राहून जोर लावत असतं, मागून बस येत असते, आणि नेमकी तेव्हा चेन दाता सोडते. पाय रिकाम्यात जातो, तोल जातो. घरात शाळेला सायकलने जाणारं मूल असेल तर ही दोन मिनिटांची मोजणी वर्षातून दोनदा करायलाच हवी.

रेनॉल्ड १९४३ साली गेला, नव्वदी ओलांडून. त्याने झीज शंभर सांध्यांत वाटून दिली, ती मोजून वेळेवर चेन बदलणं तेवढं आपल्याकडे राहिलं.

आणि हो, कारागीर "चेन ताणलीय" म्हणाला तर मी त्याला दुरुस्त करत नाही. क्रियापद चुकलं तरी त्याचं निदान सहसा बरोबर असतं. तुम्ही घरी मोजून बघा आणि किती भरली ते मला जरूर कळवा.