हिवाळ्यात टोर्नाडो येतो का?

वर्गात वादळांचा धडा आला की एक सवाल ठरलेला असतो: "सर, टोर्नाडो थंडीत पण येतो का?" येतो. पण नुसत्या थंडीमुळे येत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. 2020 च्या जूनमध्ये कोकणाने झेललेलं 'निसर्ग' हे चक्रीवादळ होतं. ते समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवसेंदिवस चालतं. टोर्नाडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा हवेचा फिरता खांब. तो बहुतेक वेळा काही मिनिटांचाच पाहुणा. आपली वर्तमानपत्रं दोघांनाही 'चक्रीवादळ' म्हणतात, मग मुलांचा घोळ होणारच.

टोर्नाडोला जमिनीलगत उबदार, दमट हवा लागते, वर थंड हवा लागते, आणि उंचीप्रमाणे वाऱ्याची दिशा व वेग बदलावा लागतो. अमेरिकेत हे सगळं वसंतात जुळतं, म्हणून एप्रिल ते जून हा तिथला मुख्य मोसम. हिवाळ्यात उबदार हवेचीच वानवा असते. उलट वरचे वारे हिवाळ्यातच सर्वात जोरदार असतात. अशात मेक्सिकोच्या आखाताकडून एक-दोन दिवस जरी उबदार हवा वर सरकली, तर उणीव भरून निघते. म्हणजे कॅलेंडरवर हिवाळा, पण त्या दिवशीची हवा हिवाळ्याची नसते.

7 जानेवारी 2008 ला विस्कॉन्सिनमध्ये हेच झालं. बर्फाळ मुलुख, पण त्या दिवशी पारा 15 अंशांच्या आसपास गेला आणि केनोशा भागात टोर्नाडोने घरं पाडली.

सर्वात भयानक उदाहरण 10 डिसेंबर 2021 च्या रात्रीचं. केंटकी राज्यातलं मेफील्ड गाव एका टोर्नाडोने उद्ध्वस्त केलं. तो जवळपास तीन तास जमिनीवर होता, सुमारे 266 किलोमीटर धावला, आणि एकट्या त्याने 57 जीव घेतले. मेणबत्त्यांच्या कारखान्यात रात्रपाळीचे कामगार होते, त्यातलेही काही गेले.

हिशेब करा, ताशी जवळपास 90 किलोमीटर! हिवाळी टोर्नाडोचा खरा धोका इथेच आहे. वरचे वारे जोरदार असल्याने ढग वेगाने पळतात, त्यात अंधार लवकर पडतो, आणि डिसेंबरमध्ये कोणी सावध नसतं.

ग्रेट लेक्सच्या तलावांवर मात्र खऱ्या थंड हवेतही पाण्यावरचे भोवरे उठतात, कारण तलावाचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. ते बहुधा कमजोर असतात.

टेनेसी, अलाबामा, केंटकीकडे आपलं कोणी शिकायला किंवा नोकरीला असेल तर एवढं जरूर सांगा: हिवाळ्यात रात्री मोबाइलवरचे इशारे बंद ठेवू नका. इशारा आला तर तळघरात जा. तळघर नसेल तर सर्वात खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची, घराच्या मधली खोली गाठा. बाथरूमही चालेल. आणि व्हिडिओ काढायला खिडकीपाशी अजिबात जायचं नाही.