भूमितीचं पहिलं पान

मागच्या महिन्यात लेकीचा फोन आला. ती अमेरिकेत असते हे नेहमीच्या मंडळींना ठाऊक आहेच. नातू नऊ वर्षांचा. त्याला शाळेत न घालता घरीच शिकवतात आणि स्वारी बीजगणितात वर्गसमीकरणांपर्यंत पोचली आहे. "आई, आता भूमिती सुरू करायचीय. बाळबोध पुस्तक दिलं तर कंटाळेल, युक्लिड दिला तर बिचकेल. काय देऊ?"

इतकी वर्षं गणित शिकवूनही मला चटकन सांगता येईना. कारण एकदा माझी चूक झाली होती. आठवीत एक मुलगा होता, तोंडी हिशेबात माझ्याही पुढे. कौतुकाच्या भरात मी त्याच्या हाती पुढची सगळी प्रमेयं दिली.. पक्ष, साध्य, सिद्धता. महिन्याभरात घोकून आला आणि म्हणाला, "बाई, हे तर आकृतीत दिसतंच आहे. मग सिद्ध कशाला करायचं?" मी म्हणून गेले, "परीक्षेला येतं म्हणून." त्यानंतर त्याने मला कधी काही विचारलं नाही.

असो. लेकीकडून दोन दिवस मागून घेतले आणि घरीच शिकलेली दोन फ्रेंच मुलं आठवत बसले.

पहिला ब्लेझ पास्काल, जन्म १६२३. आई लहानपणीच गेली, वडील एतिएन स्वतःच शिकवायचे. गणिताचा नाद लागला तर लॅटिन-ग्रीक मागे पडेल म्हणून त्यांनी गणिताची पुस्तकं मुलाच्या नजरेआड ठेवली. मग व्हायचं तेच झालं! बहीण जिल्बर्तने लिहून ठेवलंय की बाराव्या वर्षी हा कोळशाने फरशीवर आकृत्या काढू लागला. नावंही माहीत नव्हती, म्हणून रेषेला 'दांडी' आणि वर्तुळाला 'गोल' म्हणायचा. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन, इथवर आपला आपण पोचला. वडिलांनी ते पाहिलं आणि युक्लिड हातात दिला. बहिणीच्या मायेने गोष्ट थोडी फुगली असेलही, पण वडिलांची ही माघार मला फार आवडते.

दुसरा आलेक्सी क्लेरो, जन्म १७१३. इथे सगळं उलट. वडील पॅरिसमध्ये गणिताचे शिक्षक, मुलाला अक्षरओळखच युक्लिडच्या पुस्तकावरून! १७२६ मध्ये, मिसरूड फुटायच्या आत, त्याने तिथल्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला आणि १७३१ मध्ये, अठराव्या वर्षी, तो अकादमीचा सभासद झाला.

अशा माणसाने १७४१ साली नवशिक्यांसाठी भूमितीचं पुस्तक काढलं, तेव्हा युक्लिडची वाट मात्र सोडली. प्रस्तावनेत त्याची तक्रार आहे की व्याख्या आणि गृहीतकांच्या रांगेने सुरुवात केली की नवखा तिथेच कोमेजतो. एकमेकांना छेदणाऱ्या दोन वर्तुळांचा मध्य एकच नसतो, हेही युक्लिड सिद्ध करत बसतो. क्लेरो म्हणतो, त्याला हटवादी पंडितांची तोंडं बंद करायची होती. डोळ्यांना दिसतं ते मुलांना कशाला पटवायचं? (हे वाचताना मला आठवीतला तो मुलगाच बोलतोय असं वाटलं.) क्लेरो सुरुवात करतो जमीन मोजण्यापासून. बिंदूपासून रेषेचं अंतर मोजायचं, म्हणून लंब. क्षेत्रफळ हवं, म्हणून आयत. शेत वेडंवाकडं असेल तर त्याचे त्रिकोण करायचे, आणि त्रिकोण म्हणजे आयताचा निम्मा. सिद्धता येते, पण गरज पडेल तेव्हा. काटेकोर मंडळींनी पुढे नावं ठेवली.. ठेवोत.

लेकीला कळवलं, पुस्तक राहू दे, आधी त्याला दोरी आणि टेप दे. मागचं अंगण चौकोनी नाही, ते मोजू दे.

त्याने मोजलं. एका कर्णावर दोन त्रिकोण करून एक उत्तर आलं, दुसऱ्या कर्णावर करून जरासं वेगळं. रविवारी स्वारी फोनवर. "आजी, आई म्हणते मोजण्यात चूक आहे. असेल. पण दोन्हींकडून एकच यायला पाहिजे, हे कशावरून?"

लेकीला म्हटलं, आता युक्लिड माळ्यावरून काढ.