‘अंतिम २’ या फाइलीचा पूर्वज कोण?

मागच्या महिन्यात मार्गदर्शक मॅडमनी माझ्या प्रकरणाच्या मसुद्यातल्या एका आलेखावर बोट ठेवलं आणि विचारलं, “अगं, १९११ चा खड्डा कुठे गेला?”

आलेख नागपूर शहराच्या लोकसंख्येचा होता. १९०१ च्या जनगणनेत शहरात १,२७,७३४ लोक होते, १९११ मध्ये १,०१,४१५. मधली वर्षं प्लेगची. मी राहते त्या महालासारख्या जुन्या, दाट वस्तीत ही साथ काय घेऊन आली असेल, या प्रश्नावरच माझं अख्खं प्रकरण उभं आहे. आणि माझ्याच आलेखात रेषा निवांत वर चढत होती!

झालं काय, तर टॅब्लोमध्ये मी एकाच वर्कबुकच्या दोन आवृत्त्या केल्या होत्या. एकीत जनगणनेचे आकडे जसेच्या तसे. दुसरीत १९११ चा आकडा वगळून १९०१ आणि १९२१ थेट जोडलेले. साथ आली नसती तर वाढ साधारण कशी दिसली असती, एवढंच बघायला. पहिलीचं नाव ‘अंतिम’, दुसरीचं ‘अंतिम २’. मसुद्यात घालताना मी अर्थातच नंतरची उचलली. नंतरची म्हणजे सुधारलेली, असं आपण गृहीतच धरतो ना?

सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. टॅब्लो सर्व्हरवर वर्कबुक पुन्हा प्रकाशित केलं की जुनी आवृत्ती जपून ठेवायची सोय आहे; मूळ मांडणीत अशा २५ आवृत्त्या राहतात. कोणी आणि केव्हा बदल केला, हे तिथे दिसतं. पण १९११ का वगळलं, हे यंत्राला कुठून कळणार? ते लिहायचं काम आपलं. आणि हे काम आपल्याकडे संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक करत आले आहेत. त्यातली दोन उदाहरणं आज सांगते.

पहिलं विदर्भातलंच. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं ते सुमारे १२७८ मध्ये, रिद्धपूरला. ज्यांनी प्रसंग पाहिले-ऐकले त्यांना विचारून, नागदेवाचार्यांशी ताडून पाहून. पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत ती मूळ प्रत नष्ट झाली. ज्यांना ग्रंथ पाठ होता, त्यांनी आपापल्या स्मरणातून तो पुन्हा उभा केला. आता माणसं वेगळी म्हटल्यावर स्मरणंही वेगळी. कुठे शब्द बदलला, कुठे प्रसंगाचा क्रम.

इथे महानुभावांनी जे केलं ते संशोधकाने शिकण्यासारखं आहे. त्यांनी सगळे पाठ घोटून एक गुळगुळीत ग्रंथ करायचा हट्ट धरला नाही. पाठ माणसाच्या नावाने ओळखला गेला, जसा हिराइसेचा पाठ. पोथीत एखाद्या मजकुराचं वेगळं रूप माहीत असेल तर ‘वासना’ असा शब्द घालून तेही नोंदवलं गेलं. म्हणजे लेबलातच सांगितलं, की हे कुणाच्या तोंडून आलं आहे. विसाव्या शतकात नागपुरात हरि नारायण नेने यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ छापायला घेतलं आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांचं संपादन आलं, तेव्हा या अभ्यासकांपुढे निरनिराळ्या पोथ्या होत्या. पाठभेद पुसले गेले असते, तर त्यांना ताडून पाहायला उरलं काय असतं?

दुसरं उदाहरण पुण्याचं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५ पासून वि. स. सुकथनकर प्रमुख संपादक होते. त्यांचं आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्यासाठी सुमारे २३५ हस्तलिखितं पाहिली गेली, आणि त्यांतली ६० अक्षरशः ओळीला ओळ लावून ताडली गेली. एवढ्या पोथ्यांना नावं कशी द्यायची? साधारण नियम लिपीचा होता: शारदेला एक खूण, बंगालीला एक, तेलुगूला एक, देवनागरीला ‘डी’. पण एक गट या नियमात बसेना. पोथ्या देवनागरीत लिहिलेल्या, मजकुराचं नातं मात्र काश्मीरच्या शारदा पोथ्यांशी. सुकथनकरांनी त्यांना ‘डी’मध्ये ढकललं नाही, ‘के’ अशी वेगळी खूण दिली. पोथी दिसते कशी यापेक्षा ती आली कुठून, हे महत्त्वाचं ठरलं. माझ्या मते लेबल कसं असावं याचा सगळा धडा या एका अक्षरात आहे.

आणखी एक गंमत बघा. तेव्हा सगळ्यांत प्रचलित पाठ होता नीळकंठ चतुर्धरांचा. हे मूळचे कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीत राहून त्यांनी टीका लिहिली. त्यांचा पाठ वाचायला सोपा, घरोघरी पोचलेला आणि तुलनेने अलीकडचा. सुकथनकरांनी तो आधाराला घेतला नाही; जास्त भर दिला तो आटोपशीर काश्मिरी परंपरेवर. पण नीळकंठांचा पाठ त्यांनी फेकूनही दिला नाही. त्यालाही स्वतःची खूण मिळाली, आणि स्वीकारलेल्या मजकुराबाहेरचे पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत राहिले. १९६६ मध्ये १९ खंडांत आवृत्ती पूर्ण झाली. आजही कुणी संपादकाशी असहमत असेल, तर त्याच पानाच्या तळाशी त्याला पुरावा सापडतो.

संगणकाच्या जगालाही हे हळूहळूच उमगलं. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जपणारी प्रणाली केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टर टिची यांच्या आरसीएसमध्ये १.१, १.२ असे क्रमांक तर होतेच, शिवाय एखाद्या आवृत्तीला माणसाला कळेल असं नावही देता येत होतं. क्रमांक यंत्रासाठी, नाव माणसासाठी. दोन्ही लागतात.

आता मी काय करते, तेही सांगते. प्रत्येक वर्कबुकच्या लेबलात तीन गोष्टी लिहिते: कुठल्या आवृत्तीतून निघालं, काय बदललं, कशासाठी. उदाहरणार्थ: ‘नागपूर लोकसंख्या २, १ वरून, १९११ वगळून, फक्त तुलनेसाठी’. ‘अंतिम’ हा शब्द बंद. प्रबंध जमा होईपर्यंत काहीच अंतिम नसतं, आणि झाल्यावरही परीक्षक आहेतच! शिवाय मसुद्यातल्या प्रत्येक आलेखाखाली त्याच्या वर्कबुकचं लेबल टाकते. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते आधी केलं असतं, तर ‘१९११ वगळून’ हे शब्द आलेख चिकटवतानाच डोळ्यांपुढे आले असते.

तुम्ही अजून प्रबंधाला सुरुवात केली नसेल, तर ही सवय आजच लावा. शंभर फाइली झाल्यावर मागे जाऊन लेबलं लावणं फार जड जातं, कारण तोवर आपणच विसरलेले असतो.

मॅडमना मी दोन्ही आलेख नीट लेबल लावून पुन्हा पाठवले. खड्ड्याचा आता प्रकरणात आहे, सरळ रेषेचा परिशिष्टात. त्या सरळ रेषेमुळेच खड्डा किती खोल होता हे कळतं, म्हणून तोही ठेवायचा असं ठरलं. १९०१ पेक्षा शहरात २६,३१९ माणसं कमी होती. कुणी मेली, कुणी घर सोडून गेली. माझ्या ‘अंतिम २’ने ती सगळी एका रेषेखाली झाकून टाकली होती.