बुरशी झाडांची नाही, आपली नातलग! म्हणूनच तिच्यावर औषध शोधणं इतकं अवघड का आहे?

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट सुरू होती आणि महाराष्ट्रातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच इंजेक्शनची विचारणा फिरत होती: अँफोटेरिसिन बी. कोरोनातून सावरणाऱ्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या अनेक रुग्णांना म्युकरमायकोसिस होत होता. बातम्यांमध्ये त्याला 'काळी बुरशी' हे नाव पडलं. खरं तर ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांमध्ये शिरते, रक्तपुरवठा बंद पाडते आणि त्यामुळे मेलेला शरीराचा भाग काळा पडतो.

इंजेक्शनचा तुटवडा होताच, पण ते मिळाल्यावरही काळजी संपत नव्हती. थंडी वाजून ताप येणं, पोटॅशियम कमी होणं आणि किडनीवर परिणाम होणं हे या औषधाचे माहीत असलेले त्रास आहेत. त्यामुळे रुग्णाचं क्रिएटिनिन सतत तपासावं लागतं.

जिवाणूंचा साधा संसर्ग झाला तर आपण अँटिबायोटिकचा कोर्स करतो आणि बहुतेक वेळा फारसा त्रास न होता बरे होतो. मग बुरशीवरचं औषध शरीराला इतकं जड का जातं? या प्रश्नाचं उत्तर उत्क्रांतीच्या इतिहासात सापडतं.

मशरूम भाजी आहे का?

मंडईत मशरूम भाजीच्या शेजारी मिळतं. शास्त्रज्ञही खूप काळ बुरशीला वनस्पतींमध्येच धरायचे. अठराव्या शतकात सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या कार्ल लिनियस यांनी तेच केलं होतं. बुरशी चालत नाही, जमिनीतून वर येते, म्हणजे ती झाडासारखी, असा साधा हिशोब होता.

पण झाड सूर्यप्रकाशातून स्वतःचं अन्न तयार करतं. बुरशीला ते जमत नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते, समोरचा पदार्थ विरघळवते आणि मग शोषून घेते. भाकरीच्या शिळ्या तुकड्यावर ती हेच करत असते. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींमध्ये विभागणी मांडली, तेव्हा बुरशीला त्यांनी वेगळी सृष्टी दिली.

पुढचा धक्का १९९३ मध्ये बसला. सँड्रा बाल्डॉफ आणि जेफ्री पामर यांनी वेगवेगळ्या सजीवांमधल्या प्रथिनांची तुलना केली. निष्कर्ष असा होता की बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळची आहे.

याच्या खुणा आजही दिसतात. झाडं जादा साखर स्टार्चच्या रूपात साठवतात. बुरशी ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि आपलं यकृतही तेच करतं. बुरशीच्या पेशीची भिंत ज्या कायटिनपासून बनते, तेच कायटिन कोळंबीच्या सालीत आणि झुरळाच्या कवचात असतं. काइट्रिड नावाच्या पाण्यात राहणाऱ्या बुरशीच्या बीजाणूला मागच्या बाजूला एकच शेपूट असते, माणसाच्या शुक्राणूसारखी.

म्हणजे आपण माकडापासून बुरशीकडे गेलो किंवा बुरशीपासून माणूस झाला, असं नाही. एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एक एकपेशीय पूर्वज होता. त्याच्या वंशाच्या एका फांदीवर प्राणी आले आणि दुसऱ्या फांदीवर बुरशी. झाडांची फांदी त्याच्याही आधीच वेगळी झाली होती.

'सूक्ष्मजीव' हे कुळाचं नाव नाही

आपण डोळ्यांना न दिसणाऱ्या सगळ्यांना 'जंतू' म्हणून मोकळे होतो. पण सूक्ष्म असणं हे फक्त आकाराचं वर्णन आहे. दही लावणारे जिवाणू आणि पाव फुगवणारं यीस्ट दोन्ही सूक्ष्मच. पण यीस्ट ही बुरशी आहे. तिच्या पेशीत आपल्या पेशीसारखंच केंद्रक असतं, जिवाणूत ते नसतं. नात्याच्या हिशोबाने पावातलं यीस्ट हे दह्यातल्या जिवाणूपेक्षा तो पाव खाणाऱ्या माणसाच्या जास्त जवळचं आहे.

ही जवळीक किती आहे, हे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं. यीस्टला जगण्यासाठी आवश्यक असलेले ४०० हून अधिक जनुक त्यांनी निवडले आणि एकेक काढून त्या जागी माणसाचा तसाच जनुक बसवला. जवळपास निम्म्या वेळा यीस्ट माणसाच्या जनुकावर जिवंत राहिलं.

औषध शत्रू कसा ओळखतं?

चांगलं औषध ते, जे रोगजंतूला मारतं आणि आपल्या पेशीला सोडून देतं. त्यासाठी दोघांमध्ये फरक हवा.

जिवाणूंच्या बाबतीत फरक भरपूर आहेत. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सापडलेलं पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्ती बनू देत नाही. आपल्या पेशींना भिंतच नाही, त्यामुळे पेनिसिलिनला आपल्यात मोडण्यासारखं काही सापडत नाही. काही अँटिबायोटिक जिवाणूंचे रायबोसोम बंद पाडतात. प्रथिनं बनवणारे हे कारखाने जिवाणूंमध्ये आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे असतात.

बुरशीचे रायबोसोम मात्र आपल्यासारखेच. पेशीतली बरीचशी यंत्रणाही आपल्यासारखीच. मग मारायचं कुठे? एक छोटा फरक कामाला येतो. पेशीच्या आवरणात आपल्याकडे कोलेस्टेरॉल असतं, तर बुरशीकडे एर्गोस्टेरॉल. अँफोटेरिसिन बी एर्गोस्टेरॉलला पकडतं. पण ही दोन रसायनं एकमेकांची चुलत भावंडं शोभतील इतकी सारखी आहेत. त्यामुळे औषधाची थोडी पकड आपल्या पेशींवरही बसते, आणि त्याचा फटका किडनीला बसतो. औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळून दिलं, तर हा त्रास कमी होतो. त्यालाच लायपोसोमल अँफोटेरिसिन म्हणतात.

बुरशीची भिंत हाही एक फरक आहे. एकायनोकँडिन गटातली औषधं या भिंतीवर हल्ला करतात आणि शरीराला तुलनेने कमी त्रास देतात. पण म्युकरमायकोसिसच्या बुरशीवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

गंमत म्हणजे पेनिसिलिन हे जिवाणूंवरचं औषध बुरशी बनवते, आणि अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध मातीतले जिवाणू बनवतात. पिंपरीतल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीतही १९६१ मध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या जिवाणूपासून बुरशीविरोधी हॅमायसिन शोधलं होतं. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

द्राक्ष बागायतदाराला हे आधीच माहीत आहे

नाशिक-सांगलीकडच्या बागेत द्राक्षावर भुरी आली तर एक फवारणी आणि डाऊनी आली तर वेगळी. दोन्ही पानांवर पांढुरक्या दिसतात आणि दोन्हींना बुरशीच म्हटलं जातं. पण भुरी ही खरी बुरशी आहे. डाऊनी घडवणारा जीव ऊमायसीट गटातला आहे. दिसायला बुरशीसारखा, पण नात्याने समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा. त्याच्या भिंतीत सेल्युलोज असतं आणि तो स्वतः एर्गोस्टेरॉल बनवत नाही. म्हणून एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखणारी अझोल गटातली औषधं भुरीवर चालतात, डाऊनीवर नाही. नातं चुकलं की फवारणीचा खर्च वाया जातो.

औषधं मोजकी, धोका मोठा

बुरशीच्या सुमारे दीड लाख प्रजातींची नोंद झाली आहे. प्रत्यक्षात त्या २२ ते ३८ लाख असाव्यात, असा अंदाज आहे. यातल्या फारच थोड्या माणसाला आजारी करतात. पण त्यांच्यावरच्या औषधांचे मुख्य गट हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत, आणि माणसासाठी बुरशीवरची एकही मान्यताप्राप्त लस नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात १९ नावं आहेत.

त्यात बुरशीही बदलते. औषधातून जी वाचते, तिचीच पुढची पिढी वाढते. अझोल गट शेतातही वापरला जातो आणि दवाखान्यातही. शेतातल्या वापरामुळे ॲस्परजिलस ही बुरशी दवाखान्यातल्या अझोल औषधांनाही दाद देईनाशी झाल्याचं नेदरलँड्समध्ये दिसून आलं आहे.

आपल्या घराजवळचं उदाहरण गजकर्णाचं. भारतात आता ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी पसरली आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा जुमानत नाही. त्यातच मेडिकलमधून विचारून आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज आणि लाली लगेच कमी होते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते. वरून बरं वाटत असताना बुरशी खाली पसरत राहते.

मग काय करायचं?

- गजकर्ण किंवा नायट्यावर मनाने ट्यूब लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.
- खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका.
- बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही. उलट ते घेतल्याने शरीरातले उपयोगी जिवाणू मरून काही बुरशींना मोकळं रान मिळू शकतं.
- मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. म्युकरमायकोसिसपासून तो मोठा बचाव आहे.

जिवाणूंशी आपलं नातं दूरचं, म्हणून त्यांना मारणं त्यातल्या त्यात सोपं. बुरशी जवळची, त्यामुळे तिच्यावर चालणारं नवं औषध शोधायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून जी मोजकी औषधं हाताशी आहेत, ती गजकर्णाच्या चुकीच्या उपचारात वाया घालवणं आपल्याला परवडणारं नाही.