पोटातील केसांचा गोळा

किशोरवयीन मुलगी दोन घासांतच पोट भरल्याचे सांगते, वारंवार उलट्या करते, तिचे वजन घटत जाते. घरचे याला खाण्याचे नखरे समजतात. अशा काही मुलींच्या जठरात तपासणीअंती त्यांच्याच केसांचा घट्ट गोळा आढळतो. त्यास वैद्यकात ‘ट्रायकोबेझोअर’ ही संज्ञा आहे.

केसांतील केराटिन हे प्रथिन माणसाच्या पाचकरसांत विरघळत नाही. गिळलेले केस जठरातील घड्यांमध्ये अडकतात, त्यांत अन्नकण गुंतत जातात आणि कालांतराने गोळ्याला जठराचाच आकार येतो. आम्लामुळे तो काळा पडतो व त्याला दुर्गंधी येते. गोळ्याचे शेपूट लहान आतड्यात उतरल्यास त्या अवस्थेस ‘रॅपन्झेल सिंड्रोम’ म्हणतात. लांब केसांच्या परीकथेतील नायिकेवरून १९६८ मध्ये दिले गेलेले हे नाव आजाराच्या मानाने फारच गोंडस आहे, कारण यात जठराला छिद्र पडू शकते, आतडे बंद होऊ शकते आणि प्राणावरही बेतू शकते.

सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपीने निदान होते. मोठा गोळा बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. मात्र केस उपटून खाण्याच्या विकारावर मानसोपचार झाले नाहीत, तर तो पुन्हा तयार होऊ शकतो. मुली लाजेपोटी ही सवय लपवतात. डोक्यावरील विरळ चट्टे, रक्तक्षय आणि पोटाच्या वरच्या भागातील टणक गाठ यांवरूनच पालकांना संशय यावा. गोव्यात शस्त्रक्रियेसाठी गोमेकॉ आणि मानसोपचारासाठी मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, ही दोन्ही बांबोळीतच आहेत. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते.