मोडीत काढलेले किल्ले

वाशीच्या बाजार समितीत दुपारी गेलेल्या माणसाने बाजार पाहिला असे म्हणू नये. बाजार असतो तो पहाटेचा. गाड्या लागलेल्या, गोण्या उतरत असलेल्या, नाकात कांद्याचा उग्र दर्प आणि कानांवर भावाचा पुकारा! दुपारी मात्र सारे शांत होते. गाळ्यागाळ्यांतून हिशोबपट्ट्या लिहिण्याचे काम चालू असते, एखादा माथाडी गोण्यांच्या थप्पीवर आडवा झालेला असतो, आणि जमिनीवर सांडलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांशी वारा खेळत असतो. अशाच एका दुपारी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला भेटायला तेथे गेलो होतो. तो एका अडत्याच्या गाळ्यावर हिशोबाचे काम करतो. पाहतो तो, समोरच्या संगणकावर हिशोब नव्हता. एक अरुंद बोळ होता, दोन्ही बाजूंना दुमजली वखारी होत्या, आणि कोणी अदृश्य माणूस त्या बोळातून चालत असल्याप्रमाणे चित्र पुढेपुढे सरकत होते.

"गुरुजी, हे जुने दाणाबंदर," तो किंचित ओशाळून म्हणाला, "आमच्या आजोबांचे."

त्या दुपारी त्याने मला जे सांगितले, आणि पुढे मी स्वतः जे धुंडाळले, त्याची ही हकीकत आहे. प्रथमदर्शनी विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु वाचकांनी थोडा धीर धरावा. शेवटी गाडी आपल्याच अंगणात येणार आहे.

बंदुकीच्या ज्या संगणकी खेळांना मुले 'शूटर' म्हणतात, त्यांत अभिजात म्हणून ज्यांची गणना होते त्यांतला एक म्हणजे 'डूम'. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात 'इड सॉफ्टवेअर' नावाच्या लहानशा मंडळीने तो रचला आणि १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. जॉन कार्मॅक, जॉन रोमेरो, एड्रियन कार्मॅक आणि टॉम हॉल हे त्या मंडळीचे संस्थापक. यांपैकी टॉम हॉल याचा ओढा गोष्टीकडे. १९९२च्या अखेरीस त्याने या खेळाचे एक मोठे टिपण तयार केले. लोक त्याला 'डूम बायबल' म्हणतात. त्यात निरनिराळ्या स्वभावांची पात्रे होती, त्यांच्या पूर्वकथा होत्या. सैनिक पत्ते कुटीत बसले आहेत आणि एकाएकी अनर्थ कोसळतो, असा आरंभ होता. कार्मॅकचे मत नेमके उलट. अशा खेळाला गोष्टीचे एवढे ओझे कशाला, वेग पाहिजे, असे त्याचे म्हणणे. अखेर कार्मॅकची सरशी झाली, गोष्ट बाजूला पडली, आणि १९९३च्या ऑगस्टमध्ये हॉल त्या मंडळीतून बाहेर पडला. खेळ चार महिन्यांनी निघाला आणि जगभर गाजला.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे हे वाचताना त्या बाहेर पडलेल्या माणसाचीच मला अधिक आठवण येत राहिली. गाजलेल्या ग्रंथाच्या पोटात एक न लिहिलेला ग्रंथ असतो, आणि त्याचे दुःख एखाद्यालाच ठाऊक असते.

पण गंमत पुढेच आहे. त्या खेळाचे कच्चे खर्डे नाहीसे झाले नाहीत. १९९३च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंतच्या चार अवस्था, आणि पत्रकारांसाठी ऑक्टोबरात काढलेली एक अवस्था, अशा पाच जुन्या प्रती पुढे रसिकांच्या हाती आल्या. त्यांत पुढे गाळलेल्या कितीतरी गोष्टी दिसतात. ऑक्टोबरच्या प्रतीत बंदुकीला संगीन आहे. वाटेत सापडणाऱ्या वस्तूंना गुण आहेत. पक्क्या खेळातून हे सारे गेले.

शिवाय या खेळाच्या बांधणीतच एक उदारपणा होता. खेळ चालविणारे यंत्र वेगळे आणि त्यातील चित्रे, आवाज, नकाशे यांचे गाठोडे वेगळे, अशी कार्मॅकने रचना केली. त्यामुळे यंत्राला हात न लावता कोणीही आपले गाठोडे त्याला जोडावे आणि आपला खेळ मांडावा! अशा जोडकामाला 'मॉड' म्हणतात. पुढे १९९७च्या डिसेंबरात यंत्राची मूळ लिपीही लोकांना खुली करण्यात आली. मग काय विचारता? रसिकांनी जुन्या प्रती पक्क्या खेळाशी ताडून पाहिल्या, आणि टाकून दिलेल्या वस्तू पुन्हा जिवंत केल्या. 'डूम डेल्टा' नावाच्या मॉडमध्ये त्या कच्च्या प्रतींतील शस्त्रे आणि हॉलच्या टिपणातील कल्पना एकत्र गुंफलेल्या आहेत. हॉलच्या टिपणात 'अनमेकर' नावाच्या शस्त्राचा उल्लेख आहे. १९९३च्या खेळात ते नव्हते. १९९७ साली निघालेल्या 'डूम ६४'मध्ये ते उगवले. टाकलेले बी कोठे रुजेल याचा नेम नसतो.

दुसरी कथा 'हाफ-लाइफ'ची. 'व्हॉल्व्ह' या मंडळीचा हा पहिलाच खेळ. तो १९९७च्या अखेरीस निघावयाचा होता. परंतु त्या सुमारास कर्त्यांनी आपलेच काम तपासले आणि त्यांना ते पसंत पडले नाही. त्यांनी मोठे धैर्य केले. जे जे चांगले साधले होते ते एका लहानशा भागात एकत्र केले, तो भाग पुन्हा पुन्हा खेळून पाहिला, आणि त्या मापाने अवघा खेळ नव्याने रचला. वर्ष गेले. १९ नोव्हेंबर १९९८ रोजी तो बाहेर आला आणि त्याने बाजी मारली. वाशीच्या सायबर कॅफेंतून तासावर पैसे मोजून आमची मुले जो 'काउंटर-स्ट्राइक' खेळत आणि माझ्या तासाला दांडी मारीत, तो याच 'हाफ-लाइफ'चे एक मॉड म्हणून १९९९ साली दोघा हौशी तरुणांनी आरंभिलेला. म्हणजे माझा वर्ग ओस पाडण्याचे श्रेय मूळ कर्त्यांना नसून रसिकांना आहे!

त्याचा दुसरा भाग निघाला १६ नोव्हेंबर २००४ रोजी. पण त्याआधी एक विपरीत घडले. २००३च्या शरदात कोणी चोरट्या वाटेने त्या मंडळीच्या संगणकांत शिरला, आणि अर्धवट खेळाची लिपी व नकाशे चव्हाट्यावर आले. लोकांनी पाहिले, तो त्यात निराळेच जग होते. अधिक काळोखे, अधिक धुरकट. बर्फात अडकलेले 'बोरिआलिस' नावाचे एक जहाज होते. पक्क्या खेळात त्या जहाजाला जागा मिळाली नाही. तेव्हापासून 'मिसिंग इन्फर्मेशन', 'डार्क इंटर्व्हल', 'रेझिंग द बार: रिडक्स' अशी एकामागून एक मॉड्स निघाली. कोणी सापडलेले तुकडे नुसते जोडून मांडले, तर कोणी त्या तुकड्यांवरून 'हा खेळ तसाच पुढे गेला असता तर कसा झाला असता' याचे चित्र स्वतःच्या कल्पनेने पुरे केले. यांत पैसा नाही. रात्री जागून, आपापला पोटाचा उद्योग सांभाळून लोक हे वर्षानुवर्षे करतात.

येथे दोन प्रश्न उभे राहतात, आणि दोन्ही आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला प्रश्न हा, की कर्त्याने जे खोडले ते वर काढण्याचा अधिकार दुसऱ्याला आहे काय? चोरीने बाहेर आलेल्या खर्ड्याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ती चोरीच होती. पण खर्डा कर्त्याने आपण होऊन दाखविला तर ती शिकवणी होते. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' १९९६च्या जानेवारीत निघाला आणि वर्षभराने, १९९७च्या जानेवारीत, त्याच्या कर्त्यांनी आपली १९९४ची ओबडधोबड प्रत 'लेम ड्यूक', म्हणजे लंगडा ड्यूक, असे हसरे नाव देऊन लोकांना मोकळी करून दिली. मी शाळामास्तर आहे. मुलाचे उत्तर बरोबर आले एवढ्याने माझे समाधान होत नाही. त्याने आधी काय लिहून खोडले ते पाहिल्यावाचून तो कसा विचार करतो हे कळत नाही. खोडलेली ओळ हा विचाराचा इतिहास आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. जुने शोधून काढणे आणि जुने कल्पून रचणे, या दोहोंमध्ये रेघ कोठे ओढावी? आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी उभा राहिला. ज्ञानदेवांनी शके १२१२मध्ये 'ज्ञानेश्वरी' सांगितली. पुढील तीनशे वर्षांत ती इतक्या हातांनी उतरली, की पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, नाथमहाराजांनी प्रती ताडून तिचे शुद्धीकरण केले, आणि शेवटी बजावून ठेवले, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. स्वतः एवढे मोठे कवी असूनही त्यांनी हात आवरला! आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात निरनिराळ्या पोथ्यांतील जादा श्लोक फेकून दिले नाहीत. ते खाली टीपांत व परिशिष्टांत, वेगळे ओळखू येतील असे ठेवले. शोधणाऱ्याचा धर्म हा असा आहे.

मॉडवाल्यांत या धर्माने चालणारे आहेत, तसे अमृतात नरोटी ठेवणारेही आहेत. आणि 'हाफ-लाइफ'च्या भक्तांत ज्या जुन्या खेळाचे नाव निघते, तसा पुरा खेळ कधी अस्तित्वातच नव्हता. निरनिराळ्या वर्षांतले, परस्परांशी न जुळणारे ते तुकडे होते. रसिकांनी ते एकत्र केले आणि न झालेल्या ग्रंथाची आठवण मात्र निर्माण झाली.

आता मी माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. मुंबईची बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. त्यानंतर शहरातले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कांदा-बटाटा आला, १९९१च्या सुमारास मसाला आणि धान्य आले, १९९६ साली भाजीपाला आणि फळे आली. धान्याच्या बाजाराला वाशीतही लोक 'दाणाबंदर'च म्हणतात. वास्तविक तेथे बंदर नाही. जुन्या खर्ड्यातले एक नाव नव्या प्रतीत तसेच राहून गेले आहे!

त्याचे आजोबा मशीद बंदरच्या जुन्या दाणाबंदरात गोण्या वाहत. पाठीवर गोणी घेऊन ते ज्या बोळातून गेले, तो बोळ या मुलाने 'डूम'च्या यंत्रावर रचला होता. सैतान नाहीत, बंदुका नाहीत. नुसता बोळ, वखारी, हातगाड्या. आजोबांना त्याने पडद्यापुढे बसविले. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ही पायरी उंच झाली रे. एवढी असती तर माझा गुडघा तेव्हाच गेला असता."

मुलाने पायरी उतरविली. असे आठ-दहा दिवस चालले. बोळाच्या टोकाला भिंत फार रिकामी दिसत होती, म्हणून त्याने एक हिरवी खिडकी आपल्या मनाने घातली, आणि तीत दिवा ठेवला. आजोबांनी खिडकीविषयी काहीच विचारले नाही. पुढे दोन महिन्यांनी घरी पाहुणे आले असता आजोबा जुन्या गोष्टी सांगू लागले आणि म्हणाले, "बोळाच्या टोकाला एक हिरवी खिडकी होती. तिच्यात दिवा दिसला, की आम्ही समजायचो, आता फेरी संपली."

"गुरुजी," तो मला म्हणाला, "मी काय करू? खिडकी काढू, की राहू देऊ?"

मी मास्तर असून मला चटकन उत्तर सुचले नाही. आजोबा खोटे बोलत नव्हते. मुलाने फसविले नव्हते. प्रेमाने घातलेली ती एक ओवी होती. पण मूळ पोथी म्हणजे त्या म्हाताऱ्याची स्मृती, आणि तिची दुसरी प्रत जगात नाही. थोड्या वेळाने मी म्हणालो, "खिडकी राहू दे. पण ती तू घातलीस, हे आजोबांना सांग. आणि कोठेतरी लिहूनही ठेव."

त्याने सांगितले. आजोबा हसले म्हणे, आणि म्हणाले, "मग तिथे काय होतं, ते बघावं लागेल." दुसऱ्या दिवशी त्यांना आठवले, की तेथे पाण्याचा नळ होता. नळावर वारणेकाठचा एक हमाल रोज दुपारी अंघोळ करताना मोठ्याने ओव्या म्हणे. तो नळ खिडकीपायी कायमचा बुजला असता!

वाचकहो, आता तुमच्या अंगणात या. दिवाळीची सुटी लागली, की मुले माती कालवून किल्ले करतात. रायगड करतात, प्रतापगड करतात. आज जेथे नुसती जोती उरली आहेत तेथे वाडे उभे करतात, अळीव पेरून रान उगवतात. इतिहासाच्या दृष्टीने त्यात शंभर चुका असतात. पण त्या किल्ल्याने आजवर कोणाला फसविले नाही. कारण दरवाजापेक्षा मावळा उंच असतो, आणि खंदकातले पाणी आईच्या तांब्यातले असते. तो किल्ला स्वतःच सांगतो, की मी मुलांनी केलेला आहे. मोडीत काढलेले पुन्हा बांधणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींकडूनही माझे मागणे एवढेच आहे. बांधा, हवे ते बांधा. फक्त दरवाजापेक्षा एखादा मावळा उंच ठेवा.

यंदा अंगणात किल्ला झाला, की मुलांपाशी घटकाभर बसा आणि यातले खरे कोणते आणि तुमचे कोणते, एवढे विचारा. दोन्ही उत्तरे ऐकण्याजोगी असतात. आणि घरात आजोबा असतील तर त्यांनाही बसवा. न जाणो, एखादा नळ सापडेल.